गावकऱ्यांचं सोडा, मुलाच्या सहीचं बघा

पाचगणीजवळ साडेतीनशे घरांचा प्रकल्प. त्यात तुमचा ७० लाखांचा फ्लॅट. १४ लाख पीएफमधून काढून भरले, ५६ लाखांचं कर्ज मंजूर आहे. झाडं आणि झरे जाणार म्हणून गावकरी हरित न्यायाधिकरणात गेले आणि जोत्यावरच काम थांबलं. बिल्डरचा माणूस सांगतो, 'सहा महिन्यांत गाव गप्प बसेल.' तुम्ही पत्रात विचारता, थांबू की तोट्यात विकू?

सहा महिने विसरा. महाबळेश्वर-पाचगणी २००१ पासून इको-सेन्सिटिव्ह झोन आहे, म्हणजे पर्यावरणासाठी बांधकामावर निर्बंध असलेला भाग. न्यायाधिकरणाचा निकाल लागला तरी वर सर्वोच्च न्यायालय आहेच. पुण्याजवळच्या लवासा या डोंगरातल्या शहर-प्रकल्पाचं काम नोव्हेंबर २०१० मध्ये थांबवलं गेलं, परवानगी वर्षाने मिळाली आणि २०१८ मध्ये कंपनी दिवाळखोरीच्या प्रक्रियेत गेली. केरळात मरडूला किनाऱ्याचे नियम मोडले म्हणून चार गृहसंकुलं जानेवारी २०२० मध्ये स्फोटाने पाडल्या. फ्लॅटधारकांच्या हाती तेव्हा अंतरिम भरपाई आली ती २५ लाख. बुकिंगआधी वकिलाला पैसे देऊन जे शोधून घ्यायला हवं होतं, ते या गावकऱ्यांनी तुम्हाला फुकटात दाखवलंय. त्यांच्यावर कसले चिडता?

खरी गोम पत्राच्या दुसऱ्या पानावर आहे, सहज लिहिल्यासारखी. 'ताब्यापर्यंत व्याज बिल्डर भरतोय, म्हणून बँकेने ३५ लाख आधीच सोडले.' म्हणजे तुमचे १४ धरून ४९ लाख गेले आणि जागेवर फक्त जोतं. महारेराच्या, म्हणजे राज्याच्या गृहप्रकल्प नियामकाच्या, नमुना करारात जोत्यापर्यंत जास्तीत जास्त ४५ टक्के घेता येतात, म्हणजे साडेएकतीस लाख. साडेसतरा लाख आगाऊ गेले. कर्जाचे पैसे बांधकामाच्या टप्प्यांनुसारच सोडा, असं रिझर्व्ह बँकेने २०१३ मध्येच बँकांना बजावलंय. काम बंद असलेला बिल्डर व्याजाचे महिन्याचे २६,००० किती दिवस भरेल? तो थांबला की बँक तुमच्या दारात, कारण कर्ज तुमच्या नावावर आहे.

तुमच्या एकट्याच्या नाही. सत्तराव्या वर्षापर्यंत मुदत मिळावी म्हणून तुम्ही २४ वर्षांच्या मुलाला सहकर्जदार केलंय आणि हे एका ओळीत उरकलंय. हप्ता चुकला की सिबिल, म्हणजे बँका बघतात तो कर्जफेडीचा स्कोअर, दोघांचा पडणार. उद्या तो स्वतःच्या घरासाठी बँकेत गेला, तर आधी हे ५६ लाख मोजले जातील. त्याला हे कुणी सांगितलं होतं का?

सगळं वेळेत झालं असतं तरी गणित बसत नव्हतं. छप्पन्नाव्या वर्षी हप्ता सुरू, महिना ५९,०००. अठ्ठावन्नला निवृत्ती. पुढची बारा वर्षं पगाराशिवाय, एकूण ८५ लाख. आणि पीएफमध्ये उरलेत चार. '३०,००० भाडं येईल' म्हणे. म्हणजे किमतीच्या पाच टक्क्यांहून जास्त. राहत्या शहरातल्या फ्लॅटला तीन टक्के सुटले तरी लोक खूश असतात, इथे तर पावसाळाभर कुलूप. वर कर्जातच मिळवलेला २.४ लाखांचा एकरकमी विमा, 'बँकेत सक्तीचा आहे' म्हणून गळ्यात मारलेला. तो सक्तीचा नसतो. व्याजासकट तो सव्वाचार लाखांना पडेल.

विकायचं म्हणता, पण काम बंद असलेल्या प्रकल्पात घेणार कोण? पैसे परत मागा. बँकेला आजच लेखी कळवा की उरलेले २१ लाख माझ्या सहीशिवाय सोडू नका. महारेराच्या साइटवर ताब्याची तारीख बघा. ती उलटली असेल तर रेरा कायद्याच्या कलम १८ खाली व्याजासह परतावा मागता येतो. उलटली नसेल तर कलम १२, खोट्या जाहिरातीचं. तुम्ही पाठवलेल्या माहितीपत्रकात ढगांच्या फोटोखाली 'शंभर टक्के वादमुक्त' छापलंय आणि गावकऱ्यांचं अपील तुमच्या बुकिंगच्या दोन महिने आधीचं आहे. तक्रारीची फी ५,००० रुपये, वकील वेगळा. आदेश मिळाला म्हणजे पैसे मिळाले असं नाही. वसुली जिल्हाधिकाऱ्यांमार्फत होते आणि रेंगाळते. तोवर दरमहा २६,००० वेगळे काढा. बिल्डरने व्याज थकवलं तर त्याच दिवशी तुम्ही भरा, मुलासाठी तरी.

आणि ते छापील माहितीपत्रक जपून ठेवा. बिल्डरच्या वेबसाइटवरून ती ओळ एव्हाना गेली असेल.