वहाळात मासे परत आणायचेत? मग दुकानातून काहीच आणू नका

नमस्कार शेतकरी बंधू-भगिनींनो. वहाळातल्या, म्हणजे ओढ्यातल्या, माशांबद्दल या वेळी तिघांनी विचारलंय आणि तिघांनाही दुकानदाराने नाहीतर मशीनवाल्याने आधीच काहीतरी सांगून ठेवलंय, म्हणून एकत्रच उत्तर लिहितेय.

कुडाळकडच्या भाऊंचा प्रश्न असा की बागेला लागून वहाळ आहे, त्यात दोन कोंड (खोल डोह) आहेत, पूर्वी मिरगाच्या पावसात मळये, खवळे हे देशी मासे टोपलीने मिळायचे, आता नुसती चिलापी (तिलापिया). दुकानदार म्हणतो आधी ब्लिचिंग नाहीतर मोहाची पेंड टाकून कोंड साफ कर, मग चुना, शेण आणि सुपर फॉस्फेट टाक, आणि वर कटला-रोहूची दोन हजार बोटुकली (बोटाएवढी पिल्लं) सोड. लांज्याच्या काकांना वहाळाच्या काठावरचं रान मारायला तणनाशक कुठलं आणि किती ते हवंय. आणि संगमेश्वरच्या ताई विचारतायत की गावात पोकलेन येतोच आहे तर आमचा पऱ्यापण (छोटा ओढा) खोल करून घेऊ का, खोल पाण्यात मासे टिकतील ना.

भाऊ, तुमच्यापासून सुरू करते. नाही. यातलं एकही करू नका.

मोहाची पेंड हेक्टरी दोन-अडीच हजार किलो ही शिफारस खरी आहे, पण ती बंद मत्स्यतळ्यासाठी. पाणी कुठे वाहून जात नाही, पेंड टाकल्यावर दोन-तीन आठवडे थांबायचं, विष उतरलं की मग बीज सोडायचं, असा तो प्रकार. वहाळ म्हणजे तळं नाही. तुमच्या कोंडात टाकलेली पेंड किंवा ब्लिचिंग खालच्या वाडीत जाणार, जिथे गुरं पाणी पितात. शिवाय ते विष चिलापी आणि वाम यात फरक करत नाही, चिलापीबरोबर जी काय चार मळयी, दोन शिंगटी दगडाखाली तग धरून बसलीयेत तीही जाणार, आणि परत भरायची वेळ आली की सगळ्यात आधी चिलापीच भरणार कारण तिची मादी अंडी-पिल्लं तोंडात सांभाळते आणि गढूळ, कोमट पाण्यात तिचं छान चालतं. म्हणजे पैसे घालून चिलापीलाच मैदान मोकळं करून द्यायचं. आणि पाण्यात विष टाकून मासे मारणं हा १८९७ च्या मत्स्य कायद्यानुसार गुन्हा आहे, सुरुंगाचंही तसंच. साफसफाई म्हणून टाकलं, माशांसाठी नाही, हे कारण सांगून उपयोग नाही.

चुना-शेण-सुपर फॉस्फेट हेही तळ्याचंच गणित. त्याने पाणी हिरवं होतं, तळ्यात ते हवं असतं. वहाळातले आपले मासे दगडावरचं शेवाळ आणि पाण्यातले किडे खाऊन जगतात, त्यांना स्वच्छ, गार, वाहतं पाणी लागतं. मार्चमध्ये कोंडात पाणी अडकलेलं असताना खत पडलं की पहाटे प्राणवायू संपतो आणि सकाळी मासे वर तोंड काढून मरतात. त्याला रोग आला असं समजून मग अजून एक औषध आणलं जातं. असं करू नका.

कटला-रोहू हे मूळचे गंगेच्या बाजूचे मासे. शेततळ्यात सोडा, विक्रीला चांगले, माझं काही म्हणणं नाही. पण कोकणातल्या छोट्या वहाळात ते अंडी घालून वंश वाढवत नाहीत, पहिल्या मोठ्या पावसाला खाली वाहून जातात आणि पुढच्या वर्षी दुकानदार परत बीज विकायला तयार. कोणी देशी मागूर म्हणून काळपट, झपाट्याने वाढणारं बीज देत असेल तर ते थाई मांगूर असण्याचीच शक्यता जास्त, त्यावर देशात २००० सालापासून बंदी आहे आणि ते दिसेल ते खातं. डासांसाठी म्हणून गप्पी-गंबुशिया वहाळात ओतणारेही भेटतात, गंबुशिया देशी माशांची अंडी-पिल्लं खातो. वहाळात बाहेरचं बीज सोडायचं नाही. कुठलंच नाही.

मग मासे येणार कुठून? खालच्या नदीतून. मिरगाच्या पहिल्या जोरदार पावसात पाणी लाल झालं की मासे चढतात, नदीतून वहाळात, वहाळातून मळ्यात, भाताच्या चोंढ्यातसुद्धा, तिथल्या गवतात आणि बारीक खडीत अंडी घालतात. हे तुम्हाला मी सांगायला नको, लहानपणी तुम्हीच धरलेत. पण धरताना काय धरतोय ते एकदा नीट बघा. मळयीचं पोट टरटरीत फुगलेलं, बोटाने जरा दाबलं तर गाबोळी बाहेर येते. म्हणजे अंडी घालायच्या आधीच मादी उचलली. पूर्वी खोईन (सापळा) आणि पाग (फेकायचं जाळं) होते, माणसं कमी होती, निम्मे मासे निसटायचे. आता वहाळाच्या तोंडाशी आडवी मच्छरदाणी लावतात, बॅटरी-इन्व्हर्टरचा करंट सोडतात आणि एका रात्रीत अख्ख्या वर्षाची पैदास संपवतात. चढणीचे मासे पहिल्या पावसापासून ऑगस्ट अखेरपर्यंत धरायचे नाहीत, एवढं एकच तुमच्या वाडीने पाळलं तरी बाकीच्या गोष्टी निम्म्या सोप्या होतील. बंदी सगळ्यांची हवी, तुम्ही सोडलेला मासा शेजाऱ्याने धरला तर काही राहत नाही, म्हणून वाडीची बैठक घ्याच.

आता फवारणी, कारण मला विचाराल तर कोकणात वहाळ मरतोय तो मुख्यतः इथेच. आंबा-काजूच्या मोहराला नोव्हेंबर ते फेब्रुवारी फवारण्या चालतात आणि नेमकं तेव्हाच वहाळ आटत आटत कोंडावर येतो. फवारणीच्या एचटीपी पंपाचा पाइप थेट कोंडात टाकून बॅरल भरायचं आणि काम झालं की बॅरल, नळी, गन तिथेच धुवायची, हे मी इतक्या बागांत बघितलंय की आता गेल्या गेल्या आधी धुण्याची जागा बघते. हिशोब करा. लॅमडा सायहॅलोथ्रीन ५ टक्के हे कीटकनाशक, कृषी विद्यापीठाची शिफारस १० लिटरला ६ मिली. अशा तयार द्रावणाच्या एका लिटरमध्ये ३० मिलिग्रॅम विष असतं. मासे मरायला लिटरमागे मिलिग्रॅमचा हजारावा भागसुद्धा जास्त होतो. म्हणजे बॅरलच्या तळाला उरलेलं एक लिटर द्रावण ३० हजार लिटर पाणी नासवतं, आणि वीस फूट लांब, पंधरा फूट रुंद, साडेतीन फूट खोल कोंडात तेवढंच पाणी असतं. एक लिटर! आणि दुकानदार सांगतो सहाच्या जागी बारा मिली टाक, तुडतुडा हटत नाही. तुडतुडा हटत नाही कारण तेच तेच औषध परत मारताय आणि मोहोर फुटायच्या वेळची फवारणी चुकवताय, डोस दुप्पट करून ते भरून निघत नाही. डोस वाढवू नका. पंप वहाळात धुवू नका. पाणी आधी टाकीत घ्या, टाकीतून बॅरल भरा, धुतलेलं पाणी बागेतच झाडांवर फवारून संपवा, आणि वहाळाकडेच्या शेवटच्या दोन ओळी वारा पडला असेल तेव्हाच घ्या.

आणखी एक, डब्यावर हिरवा त्रिकोण आहे म्हणून माशांना काही होत नाही, हे दुकानात सर्रास सांगतात. साफ चूक. तो त्रिकोण माणसाला-जनावराला किती विषारी यावरून ठरतो, माशाचा त्यात विचार नाही. हिरव्या त्रिकोणाचं क्लोरँट्रानिलीप्रोल माशाला थेट कमी मारत असेल, पण पाण्यातले बारीक जीव त्याने मरतात आणि माशांची पिल्लं त्याच्यावरच वाढतात. त्रिकोण बघून वहाळाकाठी निर्धास्त होऊ नका.

काका, तुमच्या तणनाशकाचं. वहाळाच्या काठाला तणनाशक शून्य, डोस विचारूच नका. ग्लायफोसेट तर २०२२ च्या ऑक्टोबरमधल्या केंद्राच्या आदेशाप्रमाणे फक्त पेस्ट कंट्रोल ऑपरेटरनेच वापरायचं आहे, तरी दुकानात काउंटरखालून मिळतं हे मला माहितीये. त्यातलं चिकटद्रव्य बेडकांच्या पिल्लांना आणि माशांना घातक आहेच, पण खरं नुकसान पुढे होतं. काठावरचं रान मुळासकट मेलं की जुलैच्या पावसात काठ कोसळतो, माती खडीच्या फटीत बसते आणि अंडी घालायची जागाच बुजते. रान वाढलंय तर ऑक्टोबरात कोयत्याने बेणणी करा, तीही एका वर्षी एकाच काठाची, मुळं तशीच राहू देत. दोन्ही बाजूंना पाच-पाच मीटर पट्टा सोडा, नसेल जमत तर तीन मीटर सोडा पण सोडा. त्यात वाळा लावा, वाळा काठ धरून ठेवतो आणि मुळं विकलीही जातात. करंज, जांभूळ, उंबर, ताम्हण, वाळुंज, केवडा, निर्गुडी, यातलं जे तुमच्याकडे आपोआप येतंय ते आधी राखा, नर्सरीची वाट बघू नका. मार्च-एप्रिलमध्ये कोंडावर सावली असली की पाणी गार राहतं आणि कमी आटतं. लावणीनंतर भाताच्या खाचरात ब्युटाक्लोर हे तणनाशक टाकत असाल तर मेर (बांध) फुटून पाणी वहाळात जाणार नाही हे बघा, मोठ्या पावसाचा अंदाज असेल त्या दिवशी टाकूच नका.

ताई, पोकलेनचं ऐका. चिपळूणच्या २०२१ च्या पुरानंतर गाळ काढायची मागणी सगळीकडे वाढली, आणि जिथे खरंच गाळ साठून घरात पाणी शिरतं तिथे तो काढलाच पाहिजे. पण तुमचा डोंगरउतारावरचा पऱ्या हा तो प्रकार नाही. पोकलेन काय करतो, गोटे-खडी उचलतो, काठाची झाडं पाडतो आणि तळ एकसारखा गटारासारखा सपाट करतो. पाणी जानेवारीपर्यंत बोटभर पसरतं, तापतं, संपतं. माशाला सलग खोली नको असते, त्याला एक कोंड, मग खळखळतं उथळ, मग परत कोंड असं हवं असतं. कोंडात उन्हाळा काढतो, उथळात खातो आणि अंडी घालतो. आणि गोटे उचलायला महसूलची परवानगी लागते, ती मशीनवाला तुम्हाला सांगणार नाही. जुना कोंड गाळाने भरला असेल तर तेवढाच, एप्रिल-मेमध्ये, माणसं लावून, फावडं-घमेल्याने मोकळा करा. तळाला जिवंत मासे असतील तर थोडं पाणी ठेवूनच.

त्यापेक्षा आधी पऱ्याच्या खालच्या अंगाला चालत जा आणि मासा कुठे अडतो ते शोधा. बहुतेक ठिकाणी एखादी मोरी किंवा सिमेंट बंधारा असतो आणि त्याच्या पुढे पाणी पडून दोन फुटांची पायरी झालेली असते. जूनमध्ये मासे तिथे येऊन उड्या मारत बसतात आणि लोक टोपली लावून उभे. त्या पायरीला खालून मोठे गोटे रचून उतार करा, एक फूट उंचीला निदान वीस फूट लांबी, मध्ये मध्ये मोठा गोटा उभा म्हणजे त्याच्या आडोशाला मासा दम खाईल. सिमेंटने लिंपू नका, ताज्या सिमेंटचं पाणी माशाला मारतं, आणि सिमेंटच्या रिकाम्या गोण्या पऱ्यात धुवू नका, तेही त्याच कारणाने. मातीच्या गोण्यांचा वनराई बंधारा घालता तो घाला, विहिरींना पाणी राहतं, पण बाजूने थोडं पाणी खाली सुटत राहिलं पाहिजे आणि मे संपायच्या आत गोण्या काढून टाका, नाहीतर चढणीचा मासा तिथेच अडेल आणि प्लास्टिक नदीला जाईल.

आणि माझा आग्रह, तिघांनाही. प्रत्येक वहाळात एक कोंड राखीव ठेवा, बारमाही पाणी असतं तो. गळ नाही, पाग नाही, पंपाचा पाइप नाही, बाराही महिने. हे नवीन नाही. महाड तालुक्यात वाळणकोंडला, वाडा गावाजवळ तिळशाला वैतरणेत देवाचे मासे म्हणून कोणी हात लावत नाही, म्हणून तिथे महसीर मासे टिकलेत. आंबोलीत हिरण्यकेशीच्या उगमाशी छोटासा, मुऱ्या माशासारखा नवीन मासा सापडला आणि २०२१ मध्ये शासनाने ती जागा जैवविविधता वारसा स्थळ म्हणून जाहीर केली. तुमच्या कोंडाला देव नसेल तर ग्रामसभेचा ठराव चालतो, जैवविविधता समितीच्या नोंदवहीत तो कोंड आणि त्यातले मासे लिहून घ्या, नावं तुमच्या वाडीत म्हणतात तीच लिहा. राखीव कोंडातूनच बाकीचा वहाळ भरतो. खालचा रस्ता मोकळा असेल तर दोन-तीन पावसाळ्यांत फरक दिसायला लागतो, पहिल्याच वर्षी टोपली भरायला जाऊ नका.

चिलापी गळाने, पागाने काढत राहा, खा, विका, बंधन नाही, जाळ्यात आलेली देशी पिल्लं तेवढी परत सोडा. पूर्ण जाणार नाही, पण सावली आणि वाहतं पाणी असलं की तिचा जोर कमी होतो. ती आली बहुतेक कोणाच्या तरी शेततळ्यातून, सांडव्याला बारीक जाळी लावायला सांगा.

योजनेबद्दल तिघांनीही विचारलंय. काठावरची झाडं रोजगार हमीतून होतात, ग्रामसभेचा ठराव आणि आराखड्यात नाव लागतं. मत्स्य संपदा योजनेतलं ४० टक्के, महिला आणि अनुसूचित जाती-जमातींसाठी ६० टक्के अनुदान हे तळ्याचं आहे, वहाळाला लागू नाही, कोणी लावून देतो म्हणाला तर पैसे देऊ नका. बाकी कागद कृषी सहायकाकडे विचारा.

ताई, मशीन तुमच्या पऱ्यावर यायच्या आधी ग्रामपंचायतीत लेखी अर्ज द्या की आमच्या हद्दीतला तळ आणि काठाची झाडं हलवायची नाहीत, सोबत पऱ्याचे आत्ताचे फोटो जोडा, पोच घ्या आणि तिची प्रत तलाठ्याकडेही द्या.