विंगेत बसलेली मुलगी

"मॅडम, अभिनयाच्या क्लासला घातलं तर हिची भीती मोडेल ना?"

उन्हाळ्याची सुट्टी जवळ आली की हा प्रश्न माझ्याकडे हमखास येतो. त्या दिवशी विचारणारी आई नोकरी सांभाळून धावत आली होती. शेजारी आठवीतली लेक, ओढणीच्या टोकाशी चाळा करत बसलेली. (ओळख पटू नये म्हणून तपशील बदलले आहेत.)

चौथीत असताना स्नेहसंमेलनात कविता म्हणताना ती अडकली आणि हॉलमध्ये हशा पिकला. तेव्हापासून तोंडी परीक्षेच्या दिवशी सकाळी तिच्या पोटात दुखायचं. आई घरी ठेवायची, दुपारी पोट बरं व्हायचं. मुलगी नाटक करत नव्हती, दुखणं खरंच होतं. पण परीक्षा टळली की हायसं वाटतं, आणि ते हायसं वाटणंच भीतीला खतपाणी घालतं. पुढच्या वेळी ती आणखी मोठी होऊन येते.

घरी आणि मैत्रिणींत ती भरपूर बोलायची. वर्गातही हळू का होईना, उत्तर द्यायची. हे मी आधी नीट विचारून घेतलं. मूल घरी बोलतं, पण शाळेत महिना उलटला तरी तोंडातून शब्दच काढत नाही, असं असेल तर तो नुसता लाजाळूपणा नसू शकतो. तेव्हा क्लासच्या भरवशावर न राहता बालमानसतज्ज्ञांना दाखवावं.

आईने आधी एक क्लास लावून पाहिला होता. पहिल्याच दिवशी तीसेक मुलांसमोर "कर बघू एखादा संवाद" असं सांगण्यात आलं. मुलगी घरी येऊन म्हणाली, "मी परत जाणार नाही." मला तिचं पटलं. पाण्याला घाबरणाऱ्या मुलाला विहिरीत ढकलून पोहणं शिकवायच्या जुन्या पद्धतीवर माझा विश्वास नाही.

मुलांचं नाटक ही काही आजची टूम नाही. सुधा करमरकरांनी १९५९ मध्ये मुंबईत लिटल थिएटर सुरू केलं, तेव्हापासून आपल्याकडे बालनाट्याची परंपरा आहे. आणि नाटक म्हणजे मुळात तालीम. प्रयोग दोन तासांचा, तालीम कितीतरी आठवड्यांची. भित्र्या मुलाला उपयोग होतो तो त्या आठवड्यांचा. तिथे चुकायला परवानगी असते, चुकलं की "पुन्हा घेऊ" एवढंच कोणीतरी म्हणतं. म्हणून मी आईला म्हटलं, क्लास बघायला जाल तेव्हा बक्षिसं किती मिळाली ते विचारू नका. प्रत्येकाला रंगमंचावर जावंच लागतं का, आणि पहिला महिना काय करून घेतात, ते विचारा.

दुसरा क्लास चौदा मुलांचा होता. तीन आठवडे संवादच नाहीत. एकाने आरसा व्हायचं, दुसऱ्याने त्यात बघायचं. मग अर्थ नसलेल्या बडबडीत भांडायचं. तिथे सगळेच वेडेवाकडे दिसतात, त्यामुळे कोण कोणाला हसणार?

नाटक ठरलं तेव्हा तिने भूमिका नको म्हणून सांगितलं. शिकवणाऱ्या ताईंनी आग्रह केला नाही, हातात संहिता दिली आणि प्रॉम्प्टिंगला, म्हणजे रंगमंचाच्या कडेला विंगेत बसून विसरलेला शब्द हळूच सुचवायला बसवलं. यावर वडिलांचा मला फोन. "एवढी फी भरून पोरगी पडद्यामागे?" त्यांची निराशा मला कळत होती. मी फक्त प्रयोग होईपर्यंत थांबायला सांगितलं.

प्रॉम्प्टिंगला बसलेल्या मुलीला एक गोष्ट दिसते, जी प्रेक्षकांना कधीच दिसत नाही. सगळे विसरतात. मुख्य भूमिकेतला, गाजलेला मुलगाही. तो गप्प होतो, विंगेकडे बघतो, एक शब्द मिळाला की पुढे जातो. आणि समोर कोणाला पत्तासुद्धा लागत नाही. "काकू, तो अकरा वेळा विसरला," तिने मला सांगितलं. तिने मोजलं होतं! चार वर्षं तिला वाटत होतं की विसरणारी आपण एकटीच.

सहामाहीला विज्ञानाच्या तोंडी परीक्षेत ती पुन्हा अडकली. सकाळी पोटात दुखलंही होतं, पण यावेळी आईने शाळेत पाठवलं. "सर, एक मिनिट," म्हणाली, श्वास घेतला आणि उरलेलं उत्तर दिलं. आईने आनंदाने मार्क सांगितले. माझं लक्ष मात्र त्या "एक मिनिट"वरच होतं.

पुढच्या नाटकात भाजीवालीची तीन वाक्यं तिला देऊ केली आहेत. घेणार का, असं मी विचारलं.

"बघते," ती म्हणाली. "आधी प्रॉम्प्टिंगला कोण बसणार, ते विचारते."