पाइनच्या फळ्या भट्टीत वाळवताना
फळ्या रचताना प्रत्येक थरात सारख्या जाडीच्या कोरड्या पट्ट्या बरोबर एकाखाली एक येतील अशा ठेवा, कारण पट्टी सरकली की फळी तिथेच बाक धरते. ओलावा सुमारे ३० टक्क्यांखाली गेला की लाकूड आकसू लागते. गाभा ओला असताना वरचा थर सुकून चिरू नये म्हणून सुरुवातीला भट्टीतील हवा दमट ठेवून उष्णता हळूहळू वाढवावी. शेवटी ७० अंश सेल्सिअसच्या वर तापवल्यास राळ घट्ट होते आणि पुढे पॉलिशमधून सहसा पाझरत नाही. फर्निचरसाठी ८ ते १२ टक्के ओलावा योग्य. मी हा ओलावा एक तुकडा १०३ अंशांवर वजन स्थिर होईपर्यंत वाळवून, वजनातल्या घटीवरून पडताळतो. पॅकिंगच्या लाकडावरील ‘एचटी’ शिक्का कीड मारण्यासाठी तापवल्याचा असतो, त्यावरून लाकूड कोरडे समजू नका.