तुझं तू बघ म्हणणारा नवरा आणि दीड लाख मागणारा एजंट

‘अक्का, मी चौतीस वर्षांची. माहेर निपाणी, सासर खानापूर तालुक्यातलं. बेळगावात एका इंग्रजी माध्यमाच्या शाळेत हायस्कूलला गणित शिकवते. हातात २३ हजार पडतात. नवरा उद्यमबागेत मशीन शॉपमध्ये सुपरवायझर, मुलगा नऊ वर्षांचा. दुबईच्या एका इंटरनॅशनल स्कूलची ऑफर आलीय, महिन्याला ४,२०० दिरहम, म्हणजे आजच्या भावाने लाखभर रुपये. सासूबाई म्हणतात, लेकराला टाकून बाईमाणूस कुठं जातं काय? सासरे मराठा लाइट इन्फन्ट्रीतून रिटायर झालेले, ते गप्प. नवरा म्हणतो, तुझं तू बघ. एजंट दीड लाख मागतोय. आधी व्हिजिट व्हिसावर जा, पुढचं शाळा बघेल म्हणतोय. मार्क्स कार्डं आणि डिग्री त्याच्याकडे दिलीत. जाऊ की नको? – एक टीचर’

बाई, मूळ पत्र साडेतीन पानांचं, इथे थोडक्यात दिलंय. तुझी तीन पानं घरच्यांवर खर्च झालीत आणि एजंट शेवटच्या चार ओळींत उरकलास. मी उलट्या बाजूने सुरू करते. घरची माणसं पुढच्या महिन्यातही तिथेच असतील. एजंटचं तसं सांगता येत नाही.

परदेशातल्या नोकरीसाठी माणसं पाठवणाऱ्या एजंटला १९८३ च्या एमिग्रेशन कायद्याखाली केंद्र सरकारकडे नोंदणी करावी लागते. नोंदणी झालेल्यांची नावं ई-मायग्रेट या सरकारी संकेतस्थळावर कुणालाही बघता येतात. अशा एजंटला उमेदवाराकडून जास्तीत जास्त ३० हजार रुपये आणि त्यावरचा जीएसटी घेता येतो, तोही पावती देऊन. म्हणजे तुझा एजंट पाचपट मागतोय. शिवाय यूएईच्या २०२१ च्या कामगार कायद्यात स्पष्ट म्हटलंय की भरतीचा खर्च मालकाने सोसायचा, कामगाराकडून वसूल करायचा नाही. मग हे दीड लाख कशाचे, एवढंच त्याला विचार. ‘सर्व्हिस चार्ज’ म्हणाला तर लायसन्स नंबर माग आणि घरी येऊन तपास.

व्हिजिट व्हिसाचं. तिथे गेल्यावर स्टेटस बदलून घेता येतो हे खोटं नाही, पुष्कळांनी तसं केलंय. खरं, तो बदलून हातात येईपर्यंत वर्गात उभं राहून शिकवणं तिथे बेकायदा आहे, आणि मधल्या काळात शाळेने हात वर केले तर तू पाहुणी म्हणून गेलेली असतेस, नोकरदार म्हणून नव्हे. पगार मागायला तुझ्याजवळ कागद नसतो. ज्या शाळेला टीचर खरोखर हवी असते ती आधी तिथल्या कामगार मंत्रालयाच्या नमुन्यातलं ऑफर लेटर पाठवते, तू सही करतेस, मग नोकरीचा एंट्री परमिट निघतो आणि त्यावर तू विमानात बसतेस. ह्या क्रमात काही खाली-वर होत असेल तर थांबायचं.

शाळेलाही थेट ईमेल कर. एजंटने दिलेल्या पत्त्यावर नव्हे, शाळेच्या स्वतःच्या संकेतस्थळावर असलेल्या पत्त्यावर. ‘अशी जागा आहे का, अमुक माणूस तुमच्या वतीने बोलतोय का’ एवढंच विचार. दुबईतल्या खासगी शाळांवर केएचडीए ही सरकारी संस्था देखरेख ठेवते, शाळांचे तपासणी अहवाल आणि फीचे आकडे जाहीर करते. फी बघितलीस की पगाराचाही अंदाज येतो.

तो अंदाज घ्यायलाच हवा, कारण ‘इंटरनॅशनल’ पाटीवर लिहायला पैसे पडत नाहीत. आखातातल्या बऱ्याच भारतीय शाळा सीबीएसईच शिकवतात. त्यांचं वर्ष एप्रिलला सुरू होतं, फी कमी आणि त्यामानाने टीचरचा पगारही कमी. ब्रिटिश किंवा आयबी (इंटरनॅशनल बॅकलॉरिएट) अभ्यासक्रमाच्या शाळांचं वर्ष ऑगस्टच्या शेवटी सुरू होतं, तिथे पगार चांगला. पण त्या गोऱ्या देशांतल्या पदव्या आधी बघतात, हे कटू असलं तरी तसंच आहे. ४,२०० चा आकडा बघून मला तुझी शाळा पहिल्या प्रकारची, सीबीएसईवाली वाटते. त्यात कमीपणा नाही. तू जे रोज शिकवतेस तेच शिकवशील. फक्त इंटरनॅशनलच्या नावाखाली मोठी स्वप्नं विकत घेऊ नकोस.

आणि लाख रुपये म्हणून मोजू नकोस. तिथे दिरहमात मिळतं ते दिरहमातच जातं. शाळा राहायला जागा देते का, की त्या पगारातूनच भाडं? जागा मिळाली, वर्षाचं विमानतिकीट मिळालं तर तुझे चार पैसे नक्की मागे पडतील. तिथे पगारावर इन्कम टॅक्सही नाही. जागा नसेल तर दुबईच्या भाड्यात ४,२०० मधला मोठा तुकडा जाईल, तू शेअरिंगच्या खोलीत राहशील आणि बेळगावच्या २३ हजारांत आणि त्यात वाटतो तेवढा फरक उरणार नाही. ऑफर लेटरमध्ये बेसिक किती ते बघ. एक वर्ष पुरं केलेलं असलं की नोकरी सोडताना पहिल्या पाच वर्षांसाठी दर वर्षामागे २१ दिवसांच्या पगाराची ग्रॅच्युइटी मिळते ती बेसिकवर, एकूण आकड्यावर नव्हे. प्रोबेशन सहा महिन्यांपेक्षा जास्त नसतं. त्या काळात नाहीच जमलं आणि देशात परतायचं ठरवलंस तर १४ दिवसांची नोटीस पुरते. तुझ्या सासूबाईंना हे वाक्य वाचून दाखव, त्यांना वाटतंय तू कायमची चाललीस.

आता कागद. आपल्याकडच्या पोरींची खरी अडचण इथे असते. एसएसएलसीच्या, म्हणजे दहावीच्या मार्क्स कार्डावर माहेरचं नाव, तेही इनिशियल मागे लावून. पासपोर्टवर सासरचं पूर्ण नाव. जन्मगाव एकीकडे बेळगाम, दुसरीकडे बेळगावी, कारण शहराचं नाव सरकारदरबारी २०१४ साली बदललं. यूएई अपोस्टिल, म्हणजे पुष्कळ देशांत एकाच शिक्क्यावर चालणारं प्रमाणीकरण, मानत नाही. तुझी बी.एस्सी. धारवाडची असो नाहीतर बेळगावच्या राणी चन्नम्मा विद्यापीठाची, डिग्री आणि बी.एड. दोन्ही आधी राज्य सरकारकडून, मग परराष्ट्र मंत्रालयाकडून, मग यूएईच्या वकिलातीकडून अटेस्ट करून घ्यावी लागते. नावात फरक असला की फाइल अडकते. लग्नाचा दाखला आणि नावाचं अॅफिडेव्हिट आत्ताच तयार ठेव, ऑफर असो वा नसो. पोलिस क्लिअरन्सलाही वेळ लागतो.

आता घरचं बघू.

सासूबाईंशी तू वाद घालतेयस, त्याऐवजी त्यांना प्रश्न विचार. सासरे पलटणीत होते म्हणजे ते वर्षाला महिना-दोन महिने घरी येणार आणि उरलेलं वर्ष ह्या बाईने एकटीने पोरं, शेत, आजारपण सगळं निभावलेलं. घरातलं एक माणूस लांब असताना चूल कशी चालते हे त्या गावात त्यांच्याइतकं कुणाला ठाऊक असेल? कदाचित म्हणूनच त्या नको म्हणतायत. पुरुष गेला तेव्हा सगळं त्यांच्यावर पडलं, आता सून गेली तर नातवाचा डबा, ट्यूशन, ताप पुन्हा त्यांच्यावरच. आता वय झालंय. त्यांच्या मदतीला बाई ठेवायचा खर्च तुझ्या पगाराच्या हिशेबात आधी लिही आणि तो कागद त्यांच्यासमोर ठेव. ‘बाईमाणूस’ हा मुद्दा तेवढ्याने मिटेल असं मी म्हणत नाही, पण निम्मा आवाज खाली येईल.

नवऱ्याचं ‘तुझं तू बघ’ मला आवडलं नाही. तू त्याला होकार समजून पुढं गेलीस, आणि उद्या पोराचे मार्क घसरले की तो म्हणणार, तूच ठरवलंस. त्याला बसव. रविवारी दुपारी, सासू-सासरे झोपल्यावर. तीन गोष्टींवर त्याच्याकडून उत्तर घे: मुलाचं रोज संध्याकाळी कोण बघणार, पैसे कुठल्या खात्यात येणार (तुझ्या नावाचं एनआरई, म्हणजे परदेशी राहणाऱ्या भारतीयांसाठीचं बँक खातं असू दे, हे माझं ठाम मत), आणि किती दिवसांनी सगळं पुन्हा तपासायचं. मुलाला पुढे तिकडे न्यायचं का हेही बोला. काही शाळा टीचरच्या मुलाला फीत सूट देतात, ती लेखी माग. पोराच्या डोक्यावर मराठी, कन्नड, हिंदी, इंग्रजी आहेच, तिथल्या शाळेत अरबी सक्तीची, ती पाचवी. तू स्वतः तीन भाषांत गणित समजावणारी आहेस, तो तरेल.

तर माझं उत्तर: दुबईला जा, ह्या एजंटमार्फत जाऊ नकोस. ही ऑफर खरी निघाली तर शाळा थेट बोलेल. खोटी निघाली तर एक जागा गेली, गणिताच्या अनुभवी टीचरला आखातात मागणी असते. कागद तयार असतील तर पुढच्या एप्रिलसाठी तूच अर्ज करशील.

मूळ मार्क्स कार्डं मात्र उद्याच्या उद्या परत आण. एकटी जाऊ नकोस, सासऱ्यांना बरोबर घे. निवृत्त फौजी समोर बसला की असली माणसं ड्रॉवर लवकर उघडतात, आणि सासरेही ह्या विषयावर काहीतरी बोलते होतील. एजंटने ‘फाइल पुढे पाठवलीय’ म्हणून टोलवलं तर कुठे, कधी, कुणाकडे हे लेखी माग. तेही दिलं नाही तर तिथूनच थेट पोलिस ठाण्यात जा.