आधी डिस्कला दोष देऊ नकोस

नवा कर्नेल (सिस्टिमचा गाभा) आल्यावर तुझं उबुंटू सुरू होईना, म्हणून लगेच फॉरमॅट मारायची घाई नको! कर्नेल बदलल्या बदलल्या बूट अडलं, तर डिस्क बहुधा ठणठणीत असते. उबुंटूत मशीन सुरू होताना शिफ्ट किंवा एस्केप दाबून ग्रबचा (सिस्टिम सुरू करून देणाऱ्या प्रोग्रॅमचा) मेनू आण, 'ॲडव्हान्स्ड ऑप्शन्स'मधून जुना कर्नेल निवड. तो चालला तर अर्धं काम झालं.

स्क्रीनवर 'अननोन ब्लॉक (0,0)' दिसत होतं ना? म्हणजे बहुधा नव्या कर्नेलला इनिटरॅमएफएस (बूट होताना लागणारी तात्पुरती फाइलसिस्टिम) मिळालेलं नाही. बूटचं वेगळं पार्टिशन असेल तर ते भरलंय का, टर्मिनलमध्ये 'डीएफ -एच'ने बघ. माझं दोनदा भरलं होतं. दुसऱ्यांदा तर निव्वळ आळस. भरलं असेल तर सर्वांत जुना कर्नेल काढ (चालू असलेला नव्हे, 'यूनेम -आर'ने खात्री कर), मग 'सुडो डीपीकेजी --कॉन्फिगर -ए' चालव. अर्धवट राहिलेलं इन्स्टॉलेशन त्याने पूर्ण होतं.