पायऱ्यांवरचा बर्फ कोण काढतं गं?

"मावशी, मी सांगलीची. नवरा गॅस प्रकल्पात आहे म्हणून तीन वर्षं नॉर्वेत, हॅमरफेस्टला राहतोय. मी बंदराजवळच्या हॉटेलात रिसेप्शनला आहे. उन्हाळ्यात पर्यटक असतात तोवर ठीक, पण हिवाळ्यात दोन महिने सूर्य नाही, गाव सुनंसुनं. तीन वर्षांत कुणी साधं चहाला बोलावलं नाही. नवरा शिफ्टला गेला की पायऱ्यांवरचा बर्फ तेवढा कुणीतरी काढून ठेवतं, बाकी माणुसकी शून्य. दर हिवाळ्यात तीन महिने माहेरी जाऊ का? – सांगलीची लेक"

अगं लेकी, "तेवढा कुणीतरी"? मी तिथेच अडकले. रस्त्यावरचा बर्फ नगरपालिकेचं मशीन काढतं, पण तुझ्या पायऱ्या कुणीतरी अंधारात उठून, फावडं घेऊन, थंडीत कंबर वाकवून साफ करतंय आणि तीन वर्षांत तू ते कोण हे बघायला दारसुद्धा उघडलं नाहीस! मला खरंच राग आला तुझा.

तू चहाच्या आमंत्रणाची वाट बघत बसलीस. 1944-45 च्या हिवाळ्यात जर्मन सैन्याने माघार घेताना हे अख्खं गाव जाळलं, स्मशानातलं एक चॅपल सोडून काही उभं राहिलं नव्हतं, तरी माणसं परत आली आणि पुन्हा घरं बांधून राहिली. अशा गावात आपुलकी तोंडाने नाही, हातांनी दाखवत असतील. उन्हाळ्यातल्या गर्दीला तू गाव समजलीस. ते पाहुणे गं, नोव्हेंबरनंतर उरतात ते गाव. तुझ्या हॉटेलासमोरून किनाऱ्याचं जहाज जातं ना, 1893 ला ते सुरू झालं तेव्हा तुझं हॅमरफेस्ट त्याचं शेवटचं बंदर होतं, आणि आजही ते भर अंधारात रोज येतं, कारण तिथे बारा महिने माणसं राहतात, काम करतात. तूही त्यातलीच एक आहेस, फक्त दार लावून बसलीयेस.

माहेरचं तिकीट आत्ता काढू नकोस. उद्या अर्धा तास लवकर ऊठ, जाड बूट घाल, तुझं स्वतःचं फावडं घे आणि पायऱ्यांवर उभी राहा. येईल ते माणूस. नॉर्वेजियन मोडकंतोडकं आलं तरी चालेल, "टाक" म्हण, म्हणजे त्यांच्या भाषेत धन्यवाद, आणि मग त्यांच्या पायऱ्या तू काढ. म्हातारं कुणी असलं तर रोज काढ.

आणि आईला आत्ताच फोन करून तीळ आणि चिक्कीचा गूळ पाठवायला सांग. संक्रांतीनंतर आठवड्याभरात, 21 जानेवारीच्या आसपास तुमच्याकडे सूर्य परत येतो, तेव्हा तिकडची लोकं त्याच्या नावाने गोड बन खातात. तू त्या घरी तिळगुळाचा डबा घेऊन जा. चहा तिथेच पी, आणि कोण निघालं ते मला कळव.