तो २ हर्ट्‌झचा डोल खरा आहे का, ते आधी बघा

तुम्ही विचारलंत ते असं: २८ ग्रॅमचं, पंख फडफडवून उडणारं बिनशेपटीचं यंत्र, सेकंदाला १६ फडफडी, हातात धरलं की शहाणं, सोडलं की पुढेमागे झुलून नाक खाली. लॉगमध्ये २ हर्ट्‌झची (सेकंदाला दोनदा येणारी) लाट, पीआयडीतला (तोल सांभाळणाऱ्या नियंत्रण-सूत्रातला) डी हा गुणक वाढवला तर आणखी बिघाड. हे दुखणं ओळखीचं आहे. पीआयडीला सध्या हात लावू नका.

सर्व्हो (यंत्र वळवणारी छोटी मोटर) ५० हर्ट्‌झचा म्हणून लूपही (सेन्सर वाचून आज्ञा देण्याचं चक्र) ५० वर ठेवलाय, असं लिहिलंय तुम्ही. घोळ तिथेच आहे. पंखांच्या १६ च्या ठोक्याबरोबर ३२ आणि ४८ चे ठोकेही जायरोत (यंत्र किती वेगाने वळतंय ते मोजणाऱ्या सेन्सरमध्ये) शिरतात. सेकंदाला ५० च नमुने घेतले की ४८ चा ठोका २ चा होऊन दिसतो. पडद्यावर गाडीची चाकं उलटी फिरतात ना, तसंच. एमपीयू-६०५० या जायरोच्या चिपमधला ४२ हर्ट्‌झचा फिल्टर ४८ ला अर्धवटच कापतो. आणि एकदा २ चं सोंग घेऊन आत आलेला ठोका कोडमधला कुठलाही फिल्टर वेगळा काढू शकत नाही, कारण खरं झुलणंही त्याच पट्ट्यात असतं. मग कंट्रोलर भुतामागे सर्व्हो पळवतो आणि यंत्र खरोखरच झुलायला लागतं.

खात्री करायला यंत्र दोऱ्याने टांगा, सर्व्हो मधोमध स्थिर ठेवा आणि थ्रॉटल कमी करून फडफड १५ वर आणा. भूत असेल तर लाट २ वरून ५ वर उडी मारेल (३ × १५ = ४५, ५० पासून ५ दूर). पंख मंद केल्यावर डोल जलद होतो, हे खऱ्या डोलाचं लक्षण नाही. दोऱ्याचा स्वतःचा झोका वेगळा ओळखा.

उपाय: जायरो १००० हर्ट्‌झवर वाचा, १६ आणि ३२ वर नॉच (तेवढाच ठोका कापणारा फिल्टर) लावा, वरचं सगळं साध्या लो-पासने (फक्त मंद बदल जाऊ देणाऱ्या फिल्टरने) कापा, लूप २५० च्या पुढे न्या. सर्व्होला ५० नेच आज्ञा गेल्या तरी चालतं, त्या गाळलेल्या असल्या म्हणजे झालं. आळस करून चिपमधला ५ हर्ट्‌झचा फिल्टर लावू नका. भूत जाईल, पण जायरोला जवळपास १९ मिलिसेकंदांचा उशीर होईल, आणि शेपूट नसलेल्या यंत्राला तेवढा उशीर परवडत नाही. बोर्डाखाली फोम लावायचा सल्लाही मिळेल. तो चार पंख्यांच्या ड्रोनला ठीक. इथे सगळं धडच १६ च्या तालात हलतं, फोम काय करणार? विक्रेत्याच्या मदतकक्षाला विचारलंत तर ‘पीआयडीतला पी कमी करा’ हेच उत्तर येतं. नाव घेत नाही, पण वेळ घालवू नका.

हे आकडे डेलफ्लाय निंबल या बिनशेपटीच्या फडफड-रोबोच्या मापाच्या यंत्रांसाठी (२०१८, २९ ग्रॅम, १७ हर्ट्‌झच्या आसपास). रोबोबी हे ८० मिलिग्रॅमचं कीटकाएवढं यंत्र १२० हर्ट्‌झवर फडफडतं, तिथलं गणित निराळं. पहिलंच यंत्र असेल तर माझं मत: शेपूट लावा, बरंचसं स्थैर्य फुकट मिळतं.

आणि नॉच एकाच आकड्यावर ठोकून ठेवू नका. बॅटरी उतरली की फडफड १६ वरून खाली येते आणि नॉच भलतीकडेच राहतो. शेवटच्या गिअरवर बारीक चुंबक चिकटवा, समोर हॉल सेन्सर (चुंबक जवळ आला की ओळखणारा). फेरीला एक पल्स मिळाला की नॉच त्यामागे सरकवता येतो.